शटॉक्वाला शुक्रवारची ज्यू प्रार्थना: दर आठवड्याला वेगळा रब्बी का? आणि मी गेले तर चालेल का?

निंबोणी

मंडळी, जरा वेगळा प्रश्न आहे, इथे अमेरिकेत बरीच वर्षं काढलेले लोक आहेत म्हणून विचारतेय. आमच्या शेजारच्या आजी ज्यू आहेत आणि दर उन्हाळ्यात शटॉक्वाला जाऊन राहतात. न्यूयॉर्क राज्यातच आहे पण पार पश्चिमेच्या टोकाला, तलावाकाठी, न्यूयॉर्क शहराशी काही देणंघेणं नाही. यंदा त्यांना एकटीने गाडी चालवत जायचा धीर होत नाहीये म्हणून मी सोबत जातेय, जुलै संपता संपताचा आठवडा, शनिवार ते शनिवार घर घेतलंय. लेक्चरं, ऑर्केस्ट्रा, नाटकं असं बरंच काही असतं म्हणे दिवसभर. ते सगळं ठीक.

पण आजींचा सगळा जीव शुक्रवारच्या संध्याकाळच्या प्रार्थनेत. फोनवर मैत्रिणीशी बोलत होत्या, "या आठवड्याचा रब्बी बरा आहे गं, पण कँटर कोण येतंय त्यावर आहे सगळं." मी विचारलं म्हणजे काय, तर म्हणाल्या तिथे कायमचा रब्बी नाहीच, दर आठवड्याला पाहुणा येतो. मला हे काही झेपलं नाही. देवळात दर आठवड्याला नवा पुजारी आला तर लोकांना कसं चालतं? आणि रब्बी असताना कँटर कशाला लागतो? तो गातो एवढं कळलं, पण गाणं म्हणजे आपल्याकडे भजनाला गायक बोलावतात तसं की त्याला काही धार्मिक अधिकार असतो?

आणि मुख्य म्हणजे मी जाऊ का? आजी म्हणतात "ये गं नुसती, काही लागत नाही." पण हे सगळेच असं म्हणतात आणि मग तिथे गेल्यावर सगळे उभे आणि आपण एकटे बसलेले. कपडे काय, डोकं झाकायचं का, पैसे ठेवायचे का, कुठे बसायचं, जे काय माहिती असेल ते सांगा प्लीज.

तळ्याकाठी

निंबोणीताई, बिनधास्त जा. आम्ही नवरा-बायको बफेलोजवळ राहतो आणि उन्हाळ्यात शटॉक्वाला येऊन-जाऊन असतो, बायको तिथे थोडं व्हॉलंटियरचं कामही करते, त्यामुळे शुक्रवारची ती प्रार्थना बघून माहितीये.

आधी जागा समजून घ्या म्हणजे पाहुण्या रब्बीचं कोडं आपोआप सुटेल. शटॉक्वा इन्स्टिट्यूशन 1874 साली सुरू झालं ते मेथडिस्ट लोकांचं, चर्चच्या रविवारच्या शाळेत मुलांना शिकवणाऱ्या शिक्षकांना उन्हाळ्यात ट्रेनिंग द्यायला. लुइस मिलर नावाचा ओहायोचा कारखानदार आणि जॉन व्हिन्सेंट नावाचे पाद्री, या दोघांचं काम. तलावाच्या काठावर अजूनही पॅलेस्टाइन पार्क म्हणून एक जागा आहे, जमिनीवरच पवित्र भूमीचा नकाशा केलाय, डोंगर, नद्या, गावं, आणि शटॉक्वाचा तलाव म्हणजे भूमध्य समुद्र. बायबलचा भूगोल शिकवायला केला होता. तर असं हे पक्कं ख्रिश्चन ठिकाण. ज्यू लोक तिथे पुढे येत गेले आणि 1960 मध्ये त्यांनी स्वतःची हिब्रू काँग्रिगेशन, म्हणजे प्रार्थनेची मंडळी, काढली.

आता गंमत अशी की सीझन फक्त नऊ आठवडे, जूनच्या शेवटापासून ऑगस्टच्या शेवटापर्यंत. त्या काळात हजारोंनी माणसं, आणि सप्टेंबरात सगळं रिकामं, गावात थोडीशीच घरं उघडी. नऊ आठवड्यांसाठी कोण पूर्ण वेळचा रब्बी ठेवणार? आणि गंमत म्हणजे ख्रिश्चनांचंही तसंच आहे बरं का, मोठ्या ॲम्फिथिएटरमध्ये दर आठवड्याला नवा पाहुणा चॅप्लन प्रवचन करतो. सगळी जागाच आठवड्याच्या हिशोबाने चालते, आठवड्याचा विषय वेगळा, वक्ते वेगळे, माणसंही बरीचशी वेगळी. मग रब्बी तरी एकच कशाला.

शुक्रवारची सर्व्हिस मिलर बेल टॉवरपाशी असते, तलावाला अगदी लागून 1911 साली बांधलेला घंटेचा मनोरा आहे, लांबूनच दिसतो. पाचच्या सुमाराला असते पण तिथला त्या आठवड्याचा छापील कार्यक्रम बघून घ्या. पाऊस आला तर छपराखाली हलवतात. शनिवारी सकाळची मोठी प्रार्थना मात्र हर्लबट चर्चमध्ये होते. हो, चर्चमध्येच. ज्यू प्रार्थना, तोराची (म्हणजे ज्यू धर्मग्रंथाची) गुंडाळी, सगळं मेथडिस्ट चर्चच्या हॉलमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी तिथेच रविवारची ख्रिश्चन प्रार्थना. पहिल्यांदा बघणाऱ्याला चमत्कारिक वाटतं, तिथल्या लोकांना त्याचं काहीच वाटत नाही.

शुक्रवारी पोचायला जरा लवकर जा, सावलीतल्या जागा पटकन भरतात, आणि आजींसाठी पाठ टेकायची खुर्ची असली तर बरं.

मालिदा

अरे वा, कुणीतरी विचारलं! मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली ज्यू, माहेर पेणकडचं, आता न्यू जर्सीत. निंबोणी, तुझा पुजाऱ्याचा प्रश्न मला सगळ्यात आवडला कारण खरं उत्तर तिथेच आहे.

रब्बी हा पुजारी नाही. तो शिकलेला माणूस, धर्मशास्त्राचा शिक्षक, निवाडा सांगणारा. प्रार्थना व्हायला रब्बी लागतच नाही. लागतात ती दहा माणसं. त्याला मिनयान म्हणतात. कडक ऑर्थोडॉक्स लोकांत दहा पुरुष, बाकी बऱ्याच ठिकाणी आता बायकाही धरतात. दहा नसतील तर बाकीची प्रार्थना आपापली म्हणता येते, पण काही भाग वगळावेच लागतात, त्यातला एक म्हणजे कद्दिश, गेलेल्या माणसासाठी घरच्यांनी उभं राहून म्हणायचा. आता विचार कर, तुझ्या आजींच्या नवऱ्याची पुण्यतिथी समजा त्याच आठवड्यात येतेय. सुट्टीवर आहेत म्हणून काय सोडणार का? त्यांना दहा माणसं हवीत. त्या तळ्याकाठच्या सर्व्हिसला लोक का जीव टाकतात ते यावरून कळेल, पिकनिकचा भाग म्हणून नाही जात कुणी.

मग पाहुणा रब्बी काय करतो, तर प्रार्थना कुठून कुठे जातेय ते सांगतो (पान अमुक, आता उभे राहा, आता बसा, त्यामुळे तू एकटी बसलेली राहशील ही भीती सोड, सगळं सांगतात), मधे दहा-पंधरा मिनिटं बोलतो, आजारी माणसांची नावं घेतो, पुण्यतिथीवाल्यांची नावं वाचतो. हे नावं वाचणं सोपं वाटतं पण बघ, तो त्यातल्या एकालाही ओळखत नाही. स्वतःच्या गावच्या सिनेगॉगमध्ये (ज्यू प्रार्थनागृहात) त्याने त्या माणसाची लग्नं-बारशी केलेली असतात, शेवटचे दिवस बघितलेले असतात. इथे हातात फक्त यादी. मी एका उन्हाळी ठिकाणी (शटॉक्वा नाही, दुसरीकडे) बघितलं, पाहुण्या बाई रब्बी होत्या, त्या सर्व्हिसच्या आधी अर्धा तास येऊन दारातच उभ्या राहिल्या आणि यादीतल्या प्रत्येकाला शोधून विचारत होत्या, नाव नीट कसं म्हणायचं, कोण लागत होते, काय करायचे. पेन्सिलीने यादीच्या कडेला लिहून घेत होत्या. नंतर वाचताना एकेका नावापुढे एकच वाक्य, "शिवणकाम शिकवायच्या", "बुद्धिबळ कधी हरले नाहीत" असं. लोकांच्या डोळ्यात पाणी. बाकी भाषण काय केलं मला आठवतही नाही.

कँटर म्हणजे आमच्याकडचा हझान. प्रार्थना चालवणारा, सगळ्यांच्या वतीने म्हणणारा. गळा चांगला हवाच, पण नुसता गायक नाही, कुठल्या वारी कुठल्या सणाला कुठली प्रार्थना कुठल्या सुरावटीत म्हणायची हे सगळं पाठ असावं लागतं, शब्बाथची (शुक्रवार सूर्यास्तापासून शनिवार रात्रीपर्यंतचा विश्रांतीचा दिवस) वेगळी, साध्या दिवसाची वेगळी, रोश हशानाची म्हणजे नववर्षाची आणखी वेगळी. इथे अमेरिकेत त्याची रीतसर कॉलेजं आहेत, वर्षानुवर्षं शिकतात आणि मग रब्बीसारखीच पदवी-दीक्षा होते. कोकणात आमच्या लोकांत तर रब्बी नव्हतेच कित्येक पिढ्या, सगळं हझानवर चालायचं, अजूनही जिथे दोन-चार घरं उरलीत तिथे सणाला हझान बाहेरून येतो. त्यामुळे पाहुणा येऊन प्रार्थना चालवतो यात मला तरी काही नवल वाटत नाही.

तुझ्यासाठी: कपडे साधे नीटनेटके, सलवार-कमीज उत्तम. बायकांनी डोकं झाकलंच पाहिजे असं तिथे नसावं, पुरुषांना टोपी देतात. पैसे अजिबात नेऊ नकोस, शब्बाथला आमच्यात पैशाला हात लावत नाहीत, थाळी फिरत नाही. द्यायचेच असतील तर आधी किंवा नंतर आजींकडे दे. फोटो काढू नकोस. म्हणायचं काही नसलं तर नुसती उभी राहा, पुस्तकात हिब्रूच्या शेजारी बहुतेक वेळा इंग्रजी अक्षरात उच्चार दिलेले असतात.

सडेतोड

माहितीबद्दल धन्यवाद सगळ्यांना, पण एक स्पष्ट विचारतो, राग मानू नका. हे पाहुणे रब्बी म्हणजे तलावाकाठी फुकट आठवडाभर सुट्टी काढायची सोयच नाही का? शुक्रवारी तासभर, शनिवारी सकाळी दोन तास, बाकी बायकापोरांसोबत होड्या. कुठल्याही धर्मात उन्हाळ्यात गुरूंना थंड हवेची जागा आवडते असा माझा अनुभव आहे :)

तळ्याकाठी

सडेतोड, होडीत बसले तर बसू दे की! पण असं बघा, रब्बी लोकांना सुट्टी मिळते ती बहुतेक जुलैतच, कारण सप्टेंबर-ऑक्टोबरात त्यांचे सगळ्यात मोठे सण, आणि ऑगस्टपासून त्याची भाषणं लिहायला बसावं लागतं. म्हणजे हा माणूस स्वतःच्या सुट्टीतलाच आठवडा देतोय. आणि तो आठवडा मोकळा नसतो हो. तिथले लोक म्हणजे निवृत्त प्रोफेसर, वकील, डॉक्टर, सकाळी बारा पुस्तकं वाचून आलेले. पोर्चवर बसलेल्या बाईसमोरून रब्बी गेला की "एक मिनिट हं, तुम्ही काल म्हणालात ते" असं सुरू होतं. शटॉक्वामध्ये प्रत्येक घराला पोर्च आहे आणि प्रत्येक पोर्चवर कुणीतरी आहेच. गावात गाड्याही जवळपास नाहीत, त्यामुळे सुटका नाही. माझ्या माहितीतला एक पाहुणा दुकानातून दूध आणायला निघाला तो पाऊण तासाने घरी.

आणि हे नवं नाही. हेन्री बर्कोविट्झ म्हणून फिलाडेल्फियाचे रब्बी होते, त्यांनी शटॉक्वाची ही उन्हाळी शिक्षणाची कल्पना बघून 1893 मध्ये ज्युइश शटॉक्वा सोसायटी काढली. 1897 पासून अटलांटिक सिटीला समुद्रकाठी त्यांची उन्हाळी अधिवेशनं व्हायला लागली, लोक हवापालटाला जायचे तिथेच शिकवायचं. पुढे त्याच संस्थेने रब्बींना देशभरच्या कॉलेजांत भाषणांना पाठवायला सुरुवात केली, ज्यू नसलेल्या मुलांना ज्यू धर्म म्हणजे काय ते कळावं म्हणून. म्हणजे रब्बीने आपलं गाव सोडून दुसऱ्यांच्या गावात जाऊन बोलायचं, ही या लोकांची सव्वाशे वर्षांची सवय आहे. सुट्टी म्हणा नाहीतर काम म्हणा.

सूरपेटी

उशिरा आलो धाग्यावर. मी ज्यू नाही, पण इथल्या एका सिनेगॉगच्या कॉयरला बरीच वर्षं पियानोची साथ करतो, त्यामुळे कँटर मंडळींशी रोजचा संबंध. आजी म्हणतात ना "कँटर कोण येतंय त्यावर आहे सगळं", ते शंभर टक्के खरं आणि ते कुणी नीट सांगितलं नाही म्हणून लिहितोय.

शब्द सगळीकडे जवळपास तेच. शुक्रवारी संध्याकाळी सहा स्तोत्रं (95 ते 99 आणि 29, आठवड्याच्या सहा दिवसांची म्हणून सहा), मग लेखा दोदी. हे गीत सोळाव्या शतकात सफेद गावात श्लोमो अल्काबेट्झने लिहिलं, शब्बाथला नवरीसारखं बोलावून घ्यायचं गीत. शब्द एक, पण चाली? मोजता येणार नाहीत इतक्या. पोलंडकडच्या वेगळ्या, इराककडच्या वेगळ्या, गिटारवरच्या उन्हाळी कॅम्पच्या चाली वेगळ्या, मालिदाताईंच्या कोकणातली आणखी वेगळी असणार. आता शटॉक्वाच्या त्या बाकांवर कोण बसलंय? एक क्लीव्हलँडचा रिफॉर्म (नियमांत मोकळा पंथ), एक पिट्सबर्गचा कॉन्झर्व्हेटिव्ह (मधला पंथ), एक लहानपणी ऑर्थोडॉक्स घरात वाढलेला आणि मग पन्नास वर्षं कुठेच न गेलेला, आणि एक तुमच्यासारखी पाहुणी. प्रत्येकाच्या कानात लहानपणची चाल. कँटरने पहिला सूर लावला की दोन ओळींत कळतं लोक सोबत येणार की गप्प बसणार. गणपतीत कुणीतरी हौसेने आरती नव्या चालीत सुरू केली की कशी सगळी मंडळी टाळ्या वाजवत नुसती बघत राहतात, अगदी तेच.

स्वतःच्या सिनेगॉगमध्ये कँटरला वर्षभर मिळतं, नवी चाल हळूहळू शिकवता येते. पाहुण्याला एकच संध्याकाळ. आमच्याकडे ज्या कँटर आहेत त्या अशा उन्हाळी ठिकाणी जातात तेव्हा त्यांचा एक नियम ठरलेला आहे, नवीन फक्त एक, तेही निगून म्हणजे शब्द नसलेली धून, लाय लाय लाय करत कुणालाही म्हणता येते. बाकी सगळं ओळखीचं. स्वतःचा गळा दाखवायची हौस असेल तर ती शनिवारी सकाळी भागवायची, शुक्रवारी नाही. त्या म्हणतात माझा आवाज शेवटच्या रांगेत ऐकू आला नाही तरी चालेल, शेवटच्या रांगेचा आवाज मला ऐकू आला पाहिजे. मला हे फार पटतं. मोठमोठे आवाज असलेले कँटर मी ऐकलेत, अंगावर काटा येतो, पण लोक श्रोते होतात. तळ्याकाठी श्रोते होऊन बसायचं असेल तर रात्री ऑर्केस्ट्रा आहेच की.

शिवाय उघड्यावरचे त्रास वेगळेच. आवाज परत येत नाही, भिंतच नाही. वारा आला की पुस्तकाची पानं उडतात, लोक मांडीवर पुस्तक आणि पुस्तकावर पाण्याची बाटली ठेवून बसतात, टोप्या उडतात म्हणून केसांच्या क्लिपा वाटाव्या लागतात.

वाद्यांचंही सांगतो कारण निंबोणीताई गोंधळतील. रिफॉर्म रब्बी-कँटर असले तर गिटार, कधी की-बोर्ड असू शकतो. कडक लोक शब्बाथला वाद्य वाजवत नाहीत. म्हणून एका आठवड्याला गिटार आणि पुढच्या आठवड्याला नुसते आवाज असंही होऊ शकतं, तेच लोक, तीच जागा.

आणि एक. तुमचा शुक्रवार नेमका कधीचा? तिशा बआव उन्हाळ्यातच येतो, जेरुसलेमची दोन्ही मंदिरं पाडली गेली त्याच्या शोकाचा उपास. त्याच्या आधीचे तीन आठवडे जरा दुःखाचे मानतात. आणि अगदी आधीच्या शब्बाथला बऱ्याच अश्केनाझी (युरोपकडच्या ज्यूंच्या) सिनेगॉगांत लेखा दोदी चक्क शोकगीताच्या चालीत म्हणतात. शब्द नवरीचे, चाल रडण्याची. पाहुण्या कँटरला ठरवावं लागतं, सुट्टीवर आलेल्या लोकांसमोर ती चाल काढायची की नाही. माहीत नसलेला माणूस म्हणतो काय हा रडका कँटर आणलाय. आणि माहीत असलेल्यासमोर नाही काढली तर तो म्हणतो याला काही कळतच नाही.

निंबोणी

बापरे किती छान माहिती! सूरपेटी, आत्ताच आजींचं हिब्रू कॅलेंडर बघून आले. आमचा शुक्रवार तिशा बआवच्या अगदी आधीचाच आहे, उपास शनिवारी सूर्यास्ताला सुरू होतोय!! आजींना शोकाच्या चालीचं विचारलं तर त्या एकदम गप्प झाल्या आणि मग स्वयंपाकघरात भांडी लावता लावता गुणगुणायलाच लागल्या. म्हणाल्या त्यांचे वडील म्हणायचे, शटॉक्वाला मात्र दर वेळी कुणी म्हणतंच असं नाही, "बघू या बाईला येतं का." म्हणजे कँटर बाई आहेत हेही आत्ताच कळलं. बायका कधीपासून करतात हे? आणि शनिवारी तर आमचं घर सोडायचं आहे, त्याच दिवशी सकाळी सर्व्हिस, मग उपास, आजींचं वय ऐंशीच्या पुढे. मला टेन्शन.

अजून एक. पाच वाजता सर्व्हिस म्हणता, पण शब्बाथ तर सूर्यास्ताला लागतो ना? ऑगस्टच्या तोंडाला तिकडे साडेआठ वाजून गेले तरी सूर्य असतो.

मालिदा

बायका: रिफॉर्ममध्ये सॅली प्रीझँड 1972 ला रब्बी झाल्या, अमेरिकेतल्या रीतसर दीक्षा झालेल्या पहिल्या. कँटर म्हणून बार्बरा ऑस्टफेल्ड 1975 ला. कॉन्झर्व्हेटिव्ह लोकांनी बायकांना कँटरची पदवी 1987 पासून दिली. म्हणजे आजींच्या तरुणपणी हे दिसणारच नव्हतं, आणि आता त्याच "बाईला येतं का" म्हणून परीक्षा घेतायत, मज्जा आहे :)

वेळेचं बरोबर पकडलंस. शब्बाथ थोडा आधी घ्यायला मुभा आहे, पण पाच म्हणजे फारच आधी, कडक पाळणाऱ्यांना ते चालत नाही, ते उशिरा स्वतःचं वेगळं करतात. शटॉक्वात हबादचंही (कडक ऑर्थोडॉक्स लोकांची एक संस्था) घर आहे, कुणाला तसं हवं असेल तर तिथे विचारावं. तळ्याकाठी पाचला जमतात ते सगळ्यांच्या सोयीने, नंतर जेवण आहे, रात्रीचा कार्यक्रम आहे. मला वैयक्तिक विचारशील तर उन्हं डोक्यावर असताना शब्बाथला बोलावणं जरा विचित्रच वाटतं, पण दहाच्या जागी शे-दोनशे माणसं येत असतील तर मी कोण बोलणार.

उपासाचं टेन्शन घेऊ नकोस, म्हाताऱ्या आणि आजारी माणसाला सूट आहे, त्यांचं त्यांना आणि डॉक्टरला ठरवू दे, तू मधे पडू नकोस. तू फक्त गाडीत पाणी ठेव. त्या प्यायल्या तर प्यायल्या.

लेखा दोदीच्या शेवटच्या कडव्याला सगळे उभे राहून मागे वळतात, नवरीला आत घ्यायला, दाराकडे किंवा पश्चिमेकडे. बंद जागेत सोपं आहे. तळ्याकाठी दारच नाही तर कुणीकडे वळतात गं, तळ्याकाठी तुम्हीच सांगा.

तळ्याकाठी

हाहा, यावर तिथे वाद होतात! शटॉक्वा तलावाच्या पश्चिम काठावर आहे. म्हणजे तलाव पूर्वेला आणि पश्चिमेला चढ, घरं, झाडं. नियमाने वळायचं तर पाण्याकडे पाठ करून वरच्या घरांकडे बघायचं. पण इतकं सुंदर पाणी समोर असताना लोकांचे पाय आपोआप तलावाकडे वळतात. एका वर्षी पाहुण्या रब्बीने आधीच सांगून टाकलं की आपण पश्चिमेला वळू या, अर्धे वळले, अर्धे तलावाकडे, आणि शेवटच्या ओळीला दोन्ही गट एकमेकांची तोंडं बघत वाकले. त्याने काही बोलायच्या ऐवजी नुसतं हसून पुढचं पान सांगितलं. निंबोणीताई, तुम्ही आपल्या आजी वळतील तिकडे वळा.

शनिवारचं म्हणाल तर घरं सोडायची-घ्यायची वेळ म्हणून अख्ख्या गावात बॅगा आणि ढकलगाड्या. सर्व्हिसला त्या सकाळी काही लोक मधूनच उठून जातात, ते तिथे कुणी मनावर घेत नाही. त्या शब्बाथला तोरामधलं शेवटचं पुस्तक सुरू होतं, त्याचं नाव 'अनुवाद', मोशे नदीच्या या काठावर उभा राहून लोकांना सगळा प्रवास परत सांगतो तो भाग, आणि नंतर यशया नावाच्या संदेष्ट्याच्या पुस्तकाचा पहिला अध्याय, तो बहुतेक शोकाच्याच सुरावटीत म्हणतात. कँटरबाईंना शुक्रवारी जमलं नाही तरी शनिवारी आजींना ऐकायला मिळेल. सामान आदल्या रात्रीच भरून ठेवा आणि किल्ली कुठे द्यायची ते आधी विचारून घ्या. नंतर किद्दुश असतो, थोडं खाणं, द्राक्षाचा रस, तेवढं खाऊन निघालात तरी संध्याकाळच्या आत घरी.

गेटवर पासशिवाय सोडत नाहीत, आठवड्याचा पास तुमच्याकडे असेलच. 2022 च्या ऑगस्टमध्ये सलमान रश्दींवर ॲम्फिथिएटरमध्ये हल्ला झाला तेव्हापासून बॅगा तपासण्याचं बरंच वाढलंय, आणि 2018 च्या पिट्सबर्गच्या सिनेगॉगमधल्या गोळीबारानंतर ज्यू प्रार्थनांपाशी पोलीस उभे दिसले तर घाबरू नका. पिट्सबर्गकडून शटॉक्वाला खूप लोक येतात.

सडेतोड

मी माझे होडीचे शब्द मागे घेत नाही, पण नावांच्या यादीवर पेन्सिलीने लिहून घेणाऱ्या रब्बीबाईंना माझ्याकडून पूर्ण सूट. एक शंका, हे पाहुणे निवडतं कोण? लॉटरी काढतात का?

सूरपेटी

असल्या उन्हाळी मंडळ्यांत बहुतेक पाच-सहा जणांची कमिटी असते आणि ती हिवाळ्यातच फोन फिरवते. आमच्या कँटरबाईंना असे फोन येतात ते साधारण बर्फ पडत असतानाच. त्या आधी एकच विचारतात, त्याच आठवड्याचा रब्बी कोण आहे? कारण दोघांनी आधी कधी एकत्र काम केलेलं नसलं तर आदल्या दिवशी बसून ठरवावं लागतं, कुठे बोलायचं, कुठे गायचं, कुठलं स्तोत्र गाळायचं. काही रब्बींना स्वतःला गायची हौस असते, तिथे फार सांभाळून घ्यावं लागतं. जोडी जमली की मग त्याच दोघांना परत परत बोलावतात, आणि आजींसारखे लोक त्यांच्या आठवड्यावरून स्वतःचं बुकिंग ठरवतात.

निंबोणीताई, आल्यावर सांगा बाईंनी कुठली चाल घेतली ते. मी आमच्या कँटरबाईंशी कॉफीवर पैज लावलीये, त्या म्हणतात पहिली कडवी नेहमीच्या चालीत घेईल आणि शेवटच्या कडव्याला बदलेल, मी म्हणतो पूर्ण शोकाचीच.

निंबोणी

नक्की सांगते. आजी तुमच्या कँटरबाईंच्या बाजूने आहेत.